सुईला हात आडवा येत नाही

(दृश्य : टेबलावर होकायंत्र, त्यावर पालथा हात)

साधं होकायंत्र. त्याच्यावर पालथा हात, हातावर लोहचुंबकाचा छोटा तुकडा. आता तुकडा सरकतोय… आणि हाताखाली सुई वळतेय. मध्ये कातडी आहे, हाडं आहेत, रक्त आहे. सुईला त्यातलं काहीच आडवं येत नाही.

परत एकदा पाहा. पुढचं सगळं एवढ्यावरच उभं आहे.

(दृश्य : कॅमेरा-कॅप्सूल, नंतर आतड्याची छायाचित्रं)

ही कॅमेरा असलेली कॅप्सूल. लांबी 26 मिलिमीटर, जाडी 11. अमेरिकेत हिला 2001 मध्ये मान्यता मिळाली. गिळली की सेकंदाला दोन फोटो काढत ती खाली सरकते. गुलाबी भिंत. पुन्हा गुलाबी भिंत. आणि इथे, हा लाल ठिपका, रक्त. पण कुठे? लहान आतडं कित्येक मीटर लांब, त्यात वेटोळ्यांवर वेटोळी. फोटोवर पत्ता लिहिलेला नसतो. रेडिओ-संदेशाच्या जोरावरून अंदाज येतो, तोही ढोबळ. एक्स-रेत जागा दिसेल, पण तासन् तास एक्स-रे कोण काढणार?

(दृश्य : सेन्सरची पाटी, जवळून)

कॅप्सूलमध्ये, म्हणजे गोळीत, चुंबक ठेवलं तर त्याचा माग बाहेरून काढता येतो. त्यासाठी ही पाटी. नीट बघा. चार ओळी, प्रत्येकीत चार सेन्सर. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी 2001 मध्ये अशा सोळा हॉल सेन्सरनी एका चुंबकाचा माग काढून दाखवला. हॉल हे माणसाचं नाव. एडविन हॉल, बाल्टिमोरचा विद्यार्थी. 1879 मध्ये त्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर चुंबक धरलं, आणि वर्खाच्या आडव्या कडांमध्ये इवलासा विद्युतदाब उमटला. तोच परिणाम इथे सोळा ठिकाणी मोजला जातो.

अंतर दुप्पट झालं की चुंबकाचा जोर आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळे सोळा सेन्सर सोळा वेगळे आकडे सांगतात. संगणक आधी एक जागा धरून चालतो, तिथून कोणते आकडे यायला हवेत ते काढतो, खऱ्या आकड्यांशी ताडतो आणि जागा थोडी हलवतो. जुळेपर्यंत हेच. जागेचे तीन आकडे मिळतात, कलाचे दोन. गोळी स्वतःच्या आसाभोवती गरकन फिरली तर मात्र पत्ता लागत नाही.

(दृश्य : पडद्यावर आलेख)

हे जठर. गोळीचे मिनिटाला तीन हेलकावे, अगदी संथ. आणि इथून पुढे रेघ दाट झाली, मिनिटाला दहाच्या आसपास. गोळी जठराचं दार ओलांडून लहान आतड्यात शिरली.

(दृश्य : तारेची सपाट वेटोळी)

2023 मध्ये अमेरिकेत कॅलटेक आणि एमआयटीच्या संशोधकांनी डाव उलटा मांडला. सेन्सर गोळीत, चुंबक बाहेर. तारेच्या वेटोळ्यांतून वीज गेली की प्रत्येक जागी चुंबकक्षेत्र वेगळं. गोळी ते मोजते आणि ब्लूटूथवरून कळवते. सारांश शर्मा या शोधनिबंधाचे पहिले लेखक. डुकरांवरच्या प्रयोगात एक्स-रेशी ताडलं, तर फरक पाच ते दहा मिलिमीटर. माणसांवरच्या चाचण्या हे तेव्हा पुढचं काम होतं. आणि आधीच्या पद्धतीतली चुंबकाची गोळी पोटात असेपर्यंत एमआरआय वर्ज्य.

वेटोळी ठेवायची कुठे? पाठपिशवीत, जाकिटात, नाहीतर संडासाच्या भांड्यामागे, असं संशोधकच सुचवतात. शेवटची जागा ऐकून आमचा कॅमेरामन हसला. पण गोळी तिथेच तर निघालेली असते.

(दृश्य : पडद्यावरचा ठिपका, किंचित सरकतो)