आगळ तळाला का जातं

नमस्कार मंडळी. कोकमाचं सरबत करताना एकदा मुद्दाम बघा, ग्लासभर पाण्यात चमचाभर आगळ अलगद सोडलं की ते लाल धाग्यासारखं थेट तळाला जातं आणि ढवळेपर्यंत तिथंच बसून राहतं, कारण आगळात मीठ भरपूर, आणि खारं पाणी जड. अटलांटिक महासागर अगदी ह्याच गोष्टीवर चालतो बघा.

विषुववृत्ताकडचं कोमट खारट पाणी वरच्या वर उत्तरेला जातं, वाटेत युरोपला ऊब देतं, ग्रीनलंड-आइसलँडच्या आसपास गार पडतं, मीठ अंगात असतंच, मग ते इतकं जड होतं की दोन-तीन किलोमीटर खाली बुडतं आणि खोलातून परत दक्षिणेला निघतं. ह्या चक्राच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप AMOC, म्हणून शास्त्रज्ञ त्याला एमॉक म्हणतात. 2004 पासून बहामा ते आफ्रिका अशी समुद्रात उभ्या तारांवर यंत्रं लावून ते मोजतायत, सेकंदाला साधारण 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी! ॲमेझॉनसारखी नदी सेकंदाला 2 लाखांच्या आसपास वाहते, म्हणजे विचार करा.

आता हवा तापतेय, तिकडचं पाणी पुरेसं गार होत नाही, वर ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी मिसळतंय, त्यामुळे पाणी हलकं पडतं आणि बुडायला कुरकुरतं. हे सगळं हळूहळू चाललंय, म्हणून लोक म्हणतात की आपणही हळूहळू जुळवून घेऊ, आणि मला काळजी वाटते ती इथंच. कारण प्रवाह मंदावला की दक्षिणेकडून येणारं मीठच कमी होतं, मीठ कमी म्हणजे पाणी आणखी हलकं, म्हणजे प्रवाह आणखी मंद. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी 1961 मध्ये समुद्राचे नुसते दोन डबे धरून, एक कोमट आणि एक गार, गणित मांडून दाखवलं होतं की असं चक्र गोड्या पाण्याच्या एका हद्दीपर्यंत तग धरतं आणि मग एकदम घसरतं, आणि नंतर नुसतं मागे त्या हद्दीपर्यंत येऊन ते पुन्हा सुरू होत नाही, बरंच मागे जावं लागतं.

आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा, 2021 चा अहवाल म्हणतो की ह्या शतकात एमॉक मंदावण्याची शक्यता खूप जास्त आहे, 2100 च्या आत एकदम कोसळेल असं मात्र त्यांना वाटत नाही, पण तेही मध्यम खात्रीनं.

आणि हे लांबचं दुखणं समजू नका. उत्तर अटलांटिक गारठला की पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो. हिमयुगात हे चक्र जेव्हा जेव्हा मंदावलं तेव्हा आपला मान्सूनही रोडावला, त्याच्या खुणा अरबी समुद्राच्या तळच्या गाळात अजून सापडतात.