पुन्हा डाव नाही

(पडदा काळा. फक्त गेमपॅडच्या बटणांची टकटक.)

एक मोठं जुनं घर. रुंद जिना, वर झुंबर. गेममधल्या माणसाच्या गळ्यात फास पडतो आणि तो त्या झुंबराला लटकतो. गेम ओव्हर. खेळणारा लूमिस क्रॉली गेमपॅड बाजूला ठेवतो. हरलो, ठीक आहे, उद्या बघू.

त्याच रात्री लूमिस मरतो. स्वतःच्या घरात, झुंबराला लटकून.

'स्टे अलाइव्ह' या सिनेमाची ही सुरुवात. नावाचा अर्थ 'जिवंत राहा', आणि सिनेमातल्या जीवघेण्या गेमचं नावही तेच. २४ मार्च २००६ला तो अमेरिकेत लागला. दिग्दर्शक विल्यम ब्रेंट बेल. पटकथा त्याची आणि मॅथ्यू पीटरमनची. डिस्नेची 'हॉलिवूड पिक्चर्स' ही पाटी काही वर्षं बासनात गुंडाळून ठेवलेली होती, ती या सिनेमासाठी पुन्हा बाहेर काढली. समीक्षकांनी तो धुऊन काढला. जगभरात मिळून कमाई झाली सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. नंतर तो विस्मरणात गेला.

मला मात्र तो विसरता येत नाही. त्याची कारणं दोन आहेत. एका गोष्टीत या सिनेमाने नेम अचूक साधला. दुसरीत त्याच्या हातात सगळं होतं आणि त्याने ते सोडून दिलं.

(दृश्य: जुना टीव्ही, अंधारी खोली, गेमचा उजेड चेहऱ्यावर.)

आधी नेम साधला तिथून.

व्हिडिओ गेममध्ये मरण रोजचंच. खड्डा कुठे आहे हे कळतं ते त्यात पडल्यावरच. मग पुन्हा तिथूनच सुरुवात, आणि या वेळी उडी जरा लवकर. गेममधलं मरण म्हणजे शिकवणीच. शंभर वेळा मरून माणूस एकशे एकाव्या वेळी पार होतो आणि त्यातच खरा आनंद असतो.

भयाचे गेम बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं. मरणाची भीती वाटायची तर ते महाग करायला हवं. १९९६च्या 'रेसिडेंट एव्हिल'मध्ये खेळ मनात येईल तेव्हा सेव्ह करता येत नसे. त्यासाठी टाइपरायटर असलेली खोली शोधावी लागे आणि जवळ शाईची रिबन असावी लागे. दर सेव्हला एक रिबन खर्च. रिबनी मोजक्याच. गोळ्याही मोजक्याच. मग तासाभराचा खेळ हातात धरून माणूस पुढच्या दारासमोर उभा राहतो आणि दार उघडायचं धाडस होत नाही. दारामागे काय आहे यापेक्षा मागचा तास वाया जाईल याची धास्ती जास्त. १९९९च्या 'सायलेंट हिल'ने आणखी एक गोष्ट केली. पात्र जखमी झालं की हातातला गेमपॅड काळजाच्या ठोक्यांसारखा थरथरू लागे. पडद्यातल्या माणसाची धडधड थेट तुमच्या तळव्यांत. ज्याने हे रात्री, दिवे मालवून, अनुभवलंय त्याला मी काय म्हणतोय ते लगेच समजेल.

तरीही शेवटी एक दिलासा असतोच. मेलात तरी पुन्हा सुरू करता येतं.

'स्टे अलाइव्ह'ने नेमका हाच दिलासा काढून घेतला. गेममध्ये जसे मराल तसेच घरी मराल. एका ओळीचा नियम. पण त्यामुळे गेमपॅड हातात धरण्याचा अर्थच बदलतो. लूमिसच्या मित्राला, हचला, अंत्यविधीनंतर त्याच्या गेम्सची पिशवी मिळते आणि त्यात ती डिस्क सापडते. मित्राच्या आठवणीसाठी सगळे मिळून खेळू या, असं मंडळी ठरवतात. इथे पटकथेने एक फार चांगली गोष्ट केली आहे. गेम बटण दाबून सुरू होत नाही. पडद्यावर एक प्रार्थना येते आणि खेळणाऱ्यांनी ती मोठ्याने वाचायची. तोंडातून शब्द बाहेर पडल्याशिवाय दार उघडत नाही. सगळे हसत, एकमेकांकडे बघत वाचतात. अटी न वाचता 'मान्य आहे' दाबायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ती सवय इथे मंत्रासारखी ओठांवर येते.

हचचा बॉस, मिलर, त्या खोलीत नसतोच. तो ऑफिसमधून ऑनलाइन खेळतो, आणि तरीही सुटत नाही. नंतर एका क्षणी गेम आपला आपणच चालू लागतो, कुणी खेळो वा न खेळो. आणि आजच्या डांबरी रस्त्यावर काळी घोडागाडी अंगावर येते. ही घोडागाडी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

ही कल्पना अगदी नवी होती असं नाही. १९८३च्या 'नाइटमेअर्स'मध्ये आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या दुकानातल्या, एका मशीनने झपाटलेला मुलगा तेराव्या पातळीवर पोहोचायचंच म्हणून रात्री बंद आर्केडमध्ये शिरतो. १९९४च्या 'ब्रेनस्कॅन'मध्ये टपालाने आलेली सीडी खुनाचा खेळ खेळायला लावते. आणि १९९८च्या जपानी 'रिंगू'ने शापित व्हिडिओ कॅसेटला सात दिवसांची मुदत दिली. पण कॅसेट माणूस नुसती बघतो. गेममध्ये पाऊल त्याचं स्वतःचं असतं. त्या दालनात मीच गेलो, ते दार मीच उघडलं, आणि म्हणून माझं मरण माझ्याच हातून आलं. हा फरक मोठा आहे.

(दृश्य: टेकडीवरचा पडका किल्ला. वारा.)

आता गेममधल्या भुताकडे येऊ. ती आहे एलिझाबेथ बाथोरी, आणि ती खरीच होऊन गेली.

जन्म १५६०, हंगेरीच्या राज्यातल्या बड्या घराण्यात. पंधराव्या वर्षी लग्न, नवरा फेरेंत्स नादाश्दी, तुर्कांशी लढणारा नावाजलेला सेनानी. १६०४ साली तो गेला. अफाट जहागीर एका विधवेच्या हाती आली. नोकर मुलींचा छळ होतो, मुली मरतात, ही कुजबुज वाढत गेली आणि डिसेंबर १६१०च्या अखेरीस राज्याचा पॅलाटिन, म्हणजे राजाखालोखालचा सर्वांत मोठा अधिकारी, थुर्झो याने तिच्या चाख्तित्सेच्या वाड्यावर जाऊन तिला पकडलं. जानेवारी १६११मध्ये तिच्या चार नोकरांवर खटला चालला. तिघांना देहदंड झाला. तिच्यावर मात्र कधीच खटला भरला गेला नाही. तिला कोंडून ठेवलं आणि २१ ऑगस्ट १६१४ला ती कैदेतच मेली.

तीनशेहून जास्त जबान्या गोळा झाल्या होत्या. त्यांत मारहाण आहे, उपासमार आहे, चटके आहेत. तरुण राहण्यासाठी कुमारिकांच्या रक्ताने आंघोळ केल्याची जी गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती मात्र त्यांत कुठेही नाही. ती पहिल्यांदा छापली गेली १७२९ साली, लास्लो तुरोत्सी नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या ग्रंथात. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ११५ वर्षांनी. साडेसहाशे बळींचा आकडाही एका साक्षीदार मुलीच्या ऐकीव सांगण्यावर उभा आहे. राजा तिच्या घराण्याचा कर्जदार होता, म्हणून हा सगळा कट होता असं मानणारे अभ्यासकही आहेत. मला स्वतःला इतक्या जबान्या एका झटक्यात खोट्या ठरवणं जड जातं. त्या वाड्यात मुली मेल्या. रक्ताचा हौद मात्र नंतर कुणीतरी भरला.

सिनेमाला हौदच हवा होता, आणि त्यात मी दोष मानत नाही. भयपट इतिहासाचं पाठ्यपुस्तक नसतो. माझा आक्षेप पुढचा आहे.

(दृश्य: मिसिसिपी नदी. बांध. ओक वृक्षांवरून लोंबणारं शेवाळ.)

बाथोरी हंगेरी सोडून कधी अमेरिकेत आली नाही. सिनेमा तिला उचलून लुईझियानात आणतो आणि तिच्या नावावर एक मळा करतो, गेरूज प्लांटेशन. कथा घडते न्यू ऑर्लिन्समध्ये. सिनेमा लागण्याच्या अवघ्या सात महिन्यांपूर्वी, २९ ऑगस्ट २००५ला, कॅटरीना वादळाने ते शहर पाण्याखाली घातलं होतं, पण ते सोडू. मळ्याकडे बघा. पांढरे खांब, उंच खिडक्या, लांब व्हरांडे. अशी घरं कुणी राबून उभी केली? उसाच्या फडात कोण मरत होतं? लुईझियानाच्या मळ्यावर भुतं हवी असतील तर ती अटलांटिक ओलांडून आणायची गरजच नाही.

बाथोरीच्या नोकरांवरच्या खटल्याला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या जानेवारीत, १८११मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या बाजूला नदीकाठच्या मळ्यांवर गुलामांनी उठाव केला. चार्ल्स डेलाँड त्यांचा पुढारी. हातात उसाचे कोयते घेऊन ते शहराकडे निघाले. उठाव काही दिवसांत चिरडला गेला. ज्यांना मारलं त्यांची शिरं खांबांवर लावून नदीच्या बांधावर मैलोन्मैल उभी केली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत म्हणून. असं दृश्य कुठल्या गेममध्ये असतं तर आपण म्हणालो असतो, अति झालं.

आणि बाई हवी होती ना? श्रीमंत, मानाची, घरात माणसं छळणारी? ती शहरातच होती. डेल्फीन लालोरी. रॉयल स्ट्रीटवर तिचा दिमाखदार वाडा, प्रतिष्ठितांची उठबस. १० एप्रिल १८३४ला त्या घराला आग लागली. मदतीला धावलेल्या लोकांनी गुलामांच्या खोल्यांच्या किल्ल्या मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. दारं फोडली. आत सात माणसं निघाली, जखमांनी भरलेली, उपाशी, साखळ्यांत. शहराच्या वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. स्वयंपाक करणारी म्हातारी चुलीशी साखळीने बांधलेली होती. आग आपणच लावली असं तिने सांगितल्याची हकीकत आहे. जमावाने घर फोडून लुटलं, पण डेल्फीन हाती लागली नाही. ती निसटली होती, आपल्या घोडागाडीत बसून. पुढे ती पॅरिसला पोहोचली. शिक्षा नाही, कैद नाही.

आठवली ना ती काळी घोडागाडी?

सिनेमा लिहिताना हे कुणाच्या मनात होतं का, याचा अंदाज मी बांधणार नाही. पण सगळं तिथेच होतं. गाडी, आग, बंद खोल्या, घराची मालकीण. सिनेमाच्या नायकाच्या मनातही लहानपणीच्या एका आगीची भीती घर करून बसलेली आहे. आणि नियमाकडे बघा. एकदा मेलात की मेलात, पुन्हा डाव नाही. चुलीला बांधलेल्या माणसापेक्षा हा नियम जास्त कुणाला ठाऊक असेल? गेम बनवणाऱ्यांनी मळा दाखवला आणि त्यावर राबणारी माणसंच वगळली. त्यामुळेच तो बंगला मला पोकळ वाटतो. दालनं आहेत, जिने आहेत, लहान मुलींची भुतं आहेत, पण त्या जमिनीचं काहीच नाही. सिनेमा उत्तरार्धात ढिला पडतो त्याचं मूळ मला इथे दिसतं. खिळे, आरसा, रानगुलाब, असे तोडगे एकामागून एक येत जातात. भुताचं त्या जागेशी वैरच नसेल तर ते तोडग्यानेच संपवावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. लालोरीच्या घराबद्दलच्या आज सांगितल्या जाणाऱ्या सर्वांत किळसवाण्या गोष्टी, तुकडे केलेली आणि विचित्र तऱ्हेने जोडलेली शरीरं वगैरे, १८३४च्या बातम्यांत नाहीत. त्या आल्या १९४६ साली छापलेल्या भूतकथांच्या पुस्तकातून. ११२ वर्षांनी. बाथोरीच्या हौदाला लागली जवळपास तितकीच. खरं जे होतं ते अंगावर काटा आणायला कमी पडत होतं का?

(दृश्य: रॉयल स्ट्रीट, रात्र. राखाडी तिमजली इमारत, लोखंडी नक्षीचा सज्जा.)

सिनेमाच्या शेवटी गेमच्या पेट्या दुकानात पोहोचतात. नवी माणसं, नवे आवाज, तीच प्रार्थना.

न्यू ऑर्लिन्समध्ये लालोरीच्या घराच्या जागी आजही इमारत उभी आहे. जळालेल्या, लुटलेल्या वास्तूवर पुढे नवं बांधकाम झालं, वर मजला चढला. भुतांच्या गोष्टी ऐकायला आलेल्या पर्यटकांचे घोळके रात्री समोरच्या फुटपाथवर थांबतात. गाइड बोट वर करतो. सगळे माना उंच करून वरच्या खिडक्यांकडे बघत राहतात, काही हललं का म्हणून.

आग स्वयंपाकघरात लागली होती.