अंगठा दाखव!

नमस्कार मंडळी. चहाचा कप जरा बाजूला ठेवा आणि स्वतःची बोटं बघा. भोवरा दिसला तर चक्र, रेषा वळून आल्या वाटेनं परत गेली तर शंख, हे तुम्हाला मी काय सांगणार, दहा चक्रं म्हणजे राजा हेही घरोघरी ठाऊक. तर ही चक्रं आईवडलांकडून येतात का?

माझ्या दोन मावश्या जुळ्या, अगदी सेम टु सेम, आजीसुद्धा फसायची. एका गणपतीत धाकटी आपले मोदक खाऊन परत पंगतीत बसली, म्हणे मी थोरली, माझं जेवण व्हायचंय, आणि थोरली बिचारी तिकडे विहिरीवर पाणी काढतेय. (मोदक मोजून वाढूच नयेत असं माझं मत आहे, पण ते असो.) आजीनं वाढता हात थांबवला, म्हणाली, "अंगठा दाखव!" थोरलीच्या उजव्या अंगठ्याला चक्र, धाकटीच्या शंख, हे आजीनं न्हाऊ घालतानाच हेरून ठेवलेलं. शंख निघाला आणि मोदक गेला! त्यानंतर घरात कसलीही चोरी झाली की पहिली ऑर्डर हीच, अंगठा दाखव.

आता बघा, जनुकं तीच, आई तीच, पोटही तेच, तरी ठसे वेगळे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळाच्या बोटांच्या टोकांना छोट्या गाद्या असतात, गादी उंच असली की बहुधा चक्र, बसकी असली की कमान (रेघा नुसत्या मध्ये उचलून पलीकडे निघून जातात ती), मधली असली की शंख. गादीचा घाट बराचसा घराण्यातून येतो म्हणून घरच्यांचे नमुने मिळतेजुळते असतात, पण एकेक रेघ कुठे फुटेल, कुठे थांबेल हे पोटातल्या बारीकसारीक घडामोडींवर. परत सांगते, नमुना बराचसा घराण्याचा, रेघ ज्याची त्याची. २०२२ साली संशोधकांना ठशांशी जोडलेल्या जनुकांच्या ४३ जागा सापडल्या, त्यातल्या बऱ्याच हातपाय घडवणाऱ्या जनुकांजवळच्या. हातपाय म्हणतेय मी, अक्कल नाही! आणि इथे लोक मुलांचे ठसे घेऊन इंजिनिअर होणार की गायक याचे रिपोर्ट विकतात, आणि आपण पैसे मोजतो.

परवा रेशनच्या मशीननं धाकट्या मावशीचा अंगठा काही घेतला नाही, भांडी घासून रेघा झिजल्यात. थोरली शेजारीच उभी, म्हणाली, "माझा लावू का?" लावला. मशीनही आजीच निघालं.