माणूस न पाहिलेली पिल्लं

(दृश्य : विमानातून दिसणारी इबेराची पाणथळ भूमी)

सान अलोन्सोला रस्ता नाही. अर्जेंटिनाच्या ईशान्येला कोरिएन्तेस प्रांत आहे, त्यात मैलोन्‌मैल पसरलेलं इबेराचं पाणी आणि गवत, आणि त्या पाण्यात हे बेट. यायचं तर छोट्या विमानानं, नाहीतर बोटीनं. खाली तपकिरी ठिपके दिसताहेत ना, ते कॅपिबारा. उंदराच्या कुळातला जगातला सगळ्यांत मोठा प्राणी, पूर्ण वाढला की 50 किलोच्या आसपास. इथं त्यांचे कळपच्या कळप निर्धास्त चरायचे, कारण जवळजवळ 70 वर्षं त्यांच्यामागे धावणारा, बिबट्यासारखा ठिपकेदार जग्वारच उरला नव्हता. कातड्यासाठी आणि गुरं मारेल या भीतीपायी माणसानं तो या प्रांतातून पार संपवला होता.

(दृश्य : उंच कुंपण, आत कमरेएवढं गवत)

या कुंपणाच्या आत त्याला परत आणायचं काम चालतं. ‘रिवाइल्डिंग अर्जेंटिना’ ही संस्था ते करते. 2015 मध्ये पहिली मादी इथं आली, तोबुना. प्राणिसंग्रहालयातली, वयस्क. तिला पिल्लं झाली नाहीत. मग आली टानिया. तीही प्राणिसंग्रहालयातलीच, आणि तीन पायांची.

(दृश्य : टानिया चालताना)

हिला जरा नीट बघा. माणसांच्या सवयीची, एका पायानं अधू. ही जंगलात कधीच सोडता येणार नाही, हे आणतानाच सगळ्यांना माहीत होतं. पण हिची पिल्लं सोडता येतील, एवढ्यासाठी तिला आणलं. जून 2018 मध्ये तिला दोन पिल्लं झाली, अरामी आणि म्बारेते. तीन पायांच्या या आईनंच त्यांना शिकार शिकवली.

(दृश्य : रात्रीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण)

खरं काम इथून सुरू होतं, आणि ते फार चिकाटीचं आहे. पिल्लाला जिवंत भक्ष्य मिळालं पाहिजे, पण ते माणसाकडून मिळतंय हे त्याला कळता कामा नये. अन्न आणि माणूस यांची एकदा डोक्यात गाठ बसली, की तो प्राणी उद्या भूक लागल्यावर वस्तीकडेच वळणार. म्हणून माणूस आडोशाला राहतो. कॅपिबारा आत जातो, आणि पुढचं सगळं कॅमेऱ्यावर. कान टवकारले जातात. आई पोट जमिनीला टेकवून सरकते, पिल्लं मागे. पिल्लांना दम नसतो, ती आधीच उठून धावतात आणि भक्ष्य हातचं जातं. पुन्हा दबा, पुन्हा धाव. मांजरकुळातले बहुतेक मोठे शिकारी गळा धरतात. जग्वार अनेकदा कवटीच फोडतो. तो चावा नेमका कुठं बसवायचा, हे चुकत चुकतच अंगात मुरतं.

(दृश्य : पडद्यासमोर बसलेले स्वयंसेवक, वहीत नोंदी)

अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून यायचं ते हे करायला. तासन्‌तास चित्रण बघायचं. शिकार केली की नाही, खाल्लं किती, पिल्लू लंगडतंय का, सगळं लिहून काढायचं. कुंपणाकडेचं गवत कापायचं. तारेजवळ गेलात तर बोलायचं नाही. ज्या जनावरासाठी एवढे कष्ट उपसले, ते समोरासमोर दिसलं नाही तर काम चोख झालं असं समजायचं.

हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण स्वयंसेवेच्या नावाखाली उलटा धंदाही जोरात चालतो. दक्षिण आफ्रिकेत सिंहांचे पिंजरे चालवणाऱ्या कित्येक ठिकाणी परदेशी मुलंमुली पैसे भरून जातात, बछड्यांना बाटलीनं दूध पाजतात, मांडीवर घेऊन फोटो काढतात. ‘मोठे झाले की जंगलात सोडणार’ असं त्यांना सांगितलं जातं. ते बछडे जंगलात जात नाहीत. त्यांतले कितीतरी पुढे कुंपणातल्या शिकारीत, पैसे मोजलेल्या बंदुकीसमोर उभे केले जातात. आपल्याकडच्या कुणाला अशा कामाला जायचं असेल, तर आधी एवढंच विचारा : पिल्लाला हात लावायला मिळेल का? ‘हो’ म्हणाले, तर जाऊ नका.

(दृश्य : उघडं फाटक, दुरून)

जानेवारी 2021. मारिउआ ही मादी आणि तिची दोन पिल्लं, काराई आणि पोरा, या फाटकातून बाहेर पडली. मारिउआ ब्राझीलमध्ये पोरकी झालेली, माणसांनी वाढवलेली. तिची पिल्लं मात्र इथं, माणसाच्या नजरेआड वाढलेली. त्याच वर्षी जुरुना तिच्या दोन पिल्लांसह सुटली. मग अरामी. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

विदर्भातल्या प्रेक्षकांना इथं पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीची लेक आठवेल. आईला मारल्यावर ती पेंचमध्ये कुंपणात वाढली, शिकार शिकली, आणि मार्च 2021 मध्ये सोडल्यावर काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन दगावली. तिथं प्रत्येक वीतभर जंगलाला आधीच मालकीण होती. इबेरात असं कुणी नव्हतं. लाखो हेक्टर संरक्षित रान मोकळं, भक्ष्य भरपूर.

सुटलेल्या जग्वारांना बाहेर सगळीकडे अभय आहे, असं मात्र नाही. अर्जेंटिनाच्याच चाको भागातल्या जंगलात 2024 मध्ये सोडलेली एक मादी बंदुकीला बळी पडली. पशुपालकांशी बोलणीही चालूच आहेत.

(दृश्य : मादीच्या गळ्यात पट्टा, मग गवतात पडलेली कवटी)

गळ्यातला पट्टा उपग्रहाला ठावठिकाणा कळवतो. नकाशावर खुणा एकाच जागी साचल्या, की तिथं शिकार झाली असणार. जनावर पुढं सरकल्यावर माणसं जाऊन बघतात. ही कवटी कॅपिबाराची. मागच्या बाजूला दोन भोकं दिसतात, सुळ्यांची.

अरामीलाही जंगलात पिल्लं झाली. रानात जन्मलेल्यांच्या गळ्यात पट्टा असेलच असं नाही. कोण कुणाचं, हे वाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांत उमटलेल्या अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखायचं. दोन जग्वारांचे ठिपके सारखे नसतात. कॅमेऱ्यांतली कार्डं काढून आणायची, फोटो एकापुढे एक लावून जुळवत बसायचं. सध्या स्वयंसेवकांच्या टेबलावर तेच काम आहे.