‘काहून’ कुठल्या बाजूनं विचारायचं

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी आशाताई आणि आरोग्यसेवकांपुढे केलेलं भाषण, थोडं सावरून.)

बसा, बसा. बसून राहण्याविरुद्ध बोलायला आलोय आणि पहिला शब्द ‘बसा’! पण तुम्ही सकाळपासून घरोघर फिरता, हा विषय तुमचा नाही. दिवसभर वाकून कापूस वेचून आलेल्या बाईचाही नाही. तिला ‘कमी बसा’ म्हणायला जाऊ नका, तिला टेकू द्या. विषय आहे तो किराण्याच्या गल्ल्यावरचा, सेवा केंद्रातल्या संगणकापुढचा, शेत मक्त्यानं देऊन पारावर बसलेल्यांचा.

बसण्याचा धोका जुनाच आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, हे जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आहे आणि बसणं कमी करा असंही आहे. पण किती तास बसलं की जास्त झालं, तो आकडा त्यांनी दिलेला नाही. म्हणजे सांगायला आपल्या हातात हुकमाची पट्टी नाही. बरंच झालं.

आता माझी चूक सांगतो. एका गावात किराणावाले काकाजी आहेत, पन्नाशी उलटलेली, शुगर. दुकान असं लावलंय की तराजू, गल्ला, साखरेचं पोतं सगळं हाताच्या अंतरावर. वर टांगलेल्या पुड्या काढायला बांबूची आकडी. खुर्चीतून उठायची गरजच नाही! मी गेलो आणि म्हणालो, “काकाजी, काहून असे दिवसभर बसून रायता?”

झालं. “गुडघा दुखते. पोरगं पुण्याले हाय. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कुठं फिरू? गल्ला कोन पाहीन?” एकही कारण खोटं नव्हतं. पण ती कारणं मीच त्यांच्या तोंडून काढली, आणि माणूस जे स्वतःच्या तोंडानं बोलतो त्यालाच धरून बसतो. मी निघालो तेव्हा काकाजी खुर्चीत आणखी घट्ट बसले होते.

या गोष्टीवर विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1983 साली लिहिलं, तेही दारू पिणाऱ्यांसोबतच्या कामातून. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत 1991 मध्ये पुस्तक आलं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग असं भारदस्त नाव आहे, नोकरीची मुलाखत वाटते. गाभा एवढाच की बदलाचं कारण आपण सांगायचं नाही, समोरच्याला सापडू द्यायचं. कठीण तेच आहे. चुकलेलं दिसलं की दुरुस्त करायला आपली जीभ शिवशिवते. त्यात तीस वर्षांवरच्यांचा आपला सीबॅक फॉर्म, म्हणजे घरोघर भरायची आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, त्यात आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम होतो का हा प्रश्न. हो की नाही, खूण केली, पुढचं घर. फॉर्म भरा, पण गप्पा तिथं थांबवू नका.

दुसऱ्या खेपेला मी विचारलं, “काकाजी, अधूनमधून उठणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटते? शून्य ते दहात सांगा.” म्हणाले, “असन चार.” आता इथं आपल्या तोंडात येतं, ‘चारच काहून?’ विचारा, की पुन्हा गुडघा, पुणे, ऊन. तोच काहून उलट्या बाजूनं विचारायचा: “चार म्हनता. मंग एक-दोन काहून नाई?”

काकाजी गप्प झाले. गप्प राहू द्या, ताई, घाई नको. मग म्हणाले, “सांजच्याले पाय सुजते. चप्पल चढत नाई.”

मी म्हणालो, “चप्पल चढत नाही, म्हणजे हे रोजच दिसते तुम्हाला.” हा प्रश्न नाही. वाक्याच्या शेवटी सूर वर नेलात तर उलटतपासणी होते. खाली आणलात तर माणूस पुढं बोलतो. ते बोलले, नातू काय म्हणतो तेही निघालं. मग मी विचारलं, “एक सांगू का?” हो म्हणाले, तेव्हाच सांगितलं, की जेवणानंतर मधूनमधून उठून दोनेक मिनिटं चाललं तर साखर कमी चढते. “तुम्हाला काय वाटते?”

त्यांनी वर पाहिलं. “हे आकडी नाई रायली तं उठाच लागन ना.” आकडी मागच्या खोलीत गेली. मला हे सुचलं नसतं. मी सकाळी फिरायला जा म्हणालो असतो.

प्रत्येकाचं बसणं असं सुटतं असा माझा दावा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेलो तर दुकानात गर्दी आणि आकडी पुन्हा हातात. माझ्या तोंडाशी ‘काहून’ आलाच होता, गिळला. काकाजीच म्हणाले, “तान्हा पोळा होऊ द्या डॉक्टर, ठेवतो मांगं.” तेवढ्यात एका पोरानं बैलाच्या शिंगांसाठी बेगड मागितला. तो सगळ्यात वरच्या फळीवर होता, आकडी तिथवर पोचेना. काकाजी गुडघ्यावर हात टेकून उठले.