उघडं दार

(पहाट. केडगाव स्टेशनची पाटी. दूरवर घंटा.)

पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव. गाडीतून दिसतात ती उसाची शेतं. घंटा ऐकू येते ती मुक्ती मिशनमधली, निराधार बायका-मुलींच्या आश्रमातली.

(चर्चच्या दाराशी चपलांची रांग.)

या चपला बघा. एकीचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलाय. शाळेत पाढे सुरू होण्याआधी मुली इथे प्रार्थनेला येऊन बसतात. पहिलीतली आणि दहावीतली एकाच सतरंजीवर, शिकवणाऱ्या ताईही शेजारीच. दिवसभर वर्गावर्गांत विखुरणारी शाळा एकत्र बसते ती याच वेळी.

(गीत. टाळांचा ठेका.)

ही चाल कानाला ओळखीची वाटेल. हे मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांची लेक. आईवडिलांबरोबर पुराण सांगत त्यांनी तीर्थामागून तीर्थ पायी पालथं घातलं. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण देवाला हाक मारायची ती मराठीतच.

(जुनं छायाचित्र: रमाबाई आणि मुली.)

11 मार्च 1889. मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. बालविधवांनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, यासाठी अमेरिकेतल्या लोकांनी पैसा दिला होता. अट एकच, धर्म शिकवायचा नाही. मुलींनी आपले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळावेत, कुणी आड येणार नाही.

पुढच्याच वर्षी सदन पुण्यात आलं. बाई आपल्या खोलीत लेकीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थनेला बसत. दार उघडं असे. एखादी मुलगी उंबऱ्याशी येऊन टेके, दुसऱ्या दिवशी आत सरके. बाईंनी कुणाला बोलावलं नाही, आणि आलेलीला उठवलंही नाही. दार लावून घेतलं असतं तर वाद टळला असता. पण ज्या मुलींना घरात सगळीच दारं बंद होती, त्यांच्या तोंडावर हेही दार लावायचं?

मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. 1893 साली रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

(विहीर. शेत. दगडी भिंती.)

मग दुष्काळ आला. 1897 मध्ये बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. 1900 पर्यंत इथे दीड हजार माणसं होती. इथे मात्र उपासना उघडपणे, सगळ्यांसाठी.

(छापखाना. शिशाचे खिळे, जवळून.)

हा खिळा हातात घेतला तर अक्षर उलटं दिसतं. अशी उलटी अक्षरं डावीकडून उजवीकडे लावत जायची, काना-मात्रा वेगळ्या, जोडाक्षरं वेगळी. ओळ भरली की दाबून घट्ट करायची, शाई लावायची, कागद ठेवायचा. मग कुठे अक्षर सुलटं होऊन डोळ्यांसमोर येतं. हे काम मुक्तीतल्या बायका करत. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला बसल्या. उपासनेत जे वाचायचं ते वाचणारीला कळलं पाहिजे, एवढा त्यांचा हट्ट होता. एकेकाळी भीक मागणाऱ्या हातांनी त्याचे खिळे जुळवले. 1922 साली बाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये.

(सतरंजी. एक अंध मुलगी, मांडीवर जाड पुस्तक.)

अंध मुलींसाठी इथे ब्रेल आणलं ते मनोरमाबाईंनी. आजचं वाचन हिच्याकडे आहे. ओळ संपते तिथे तिचं बोट क्षणभर थांबतं, खालची ओळ चाचपतं.

(आवाज फक्त तिचा.)