देवांच्या डॉक्टरांना सोम का नाही?

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला उभं राहिलात तर हे कोणी सांगावं लागत नाही, आधी कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, हे पाच मानाचे गणपती, बाकीच्यांनी मागे थांबायचं. म्हणजे पुण्यात देवांनाही नंबर आहेत. आता हे आपल्या मंडळांचं काम म्हणून सोडून देऊ, पण खुद्द ग्रंथांत देवांना वर्ण आहेत का?

आहेत की! आणि चक्क नावं घेऊन.

बृहदारण्यक उपनिषद, पहिला अध्याय. अग्नी ब्राह्मण. इंद्र, वरुण, रुद्र, यम वगैरे क्षत्रिय. वसू, आदित्य, मरुत हे गणागणाने मोजले जाणारे, म्हणून वैश्य. आणि शूद्र कोण तर पूषन हा देव, उपनिषदाच्या मते तो म्हणजे ही पृथ्वीच, कारण ती सगळ्यांना पोसते. मी इथे जरा अडकलोच, पोसणाराच शेवटच्या रांगेत? बरं या पूषनला दातही नाहीत, यज्ञात त्याला पिठाचंच काहीतरी द्यायचं.

महाभारताच्या शांतिपर्वात यादी बदलते. लॉ कॉलेज रोडच्या भांडारकर संस्थेने याच महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. तर शांतिपर्वात अंगिरस ब्राह्मण, मरुत वैश्यच राहिले, आदित्यांचं मात्र प्रमोशन होऊन ते क्षत्रिय झाले. आणि शूद्र म्हणून नाव आलं अश्विनीकुमारांचं, जे देवांचे डॉक्टर.

डॉक्टर शूद्रांत का बरं? त्याची गोष्ट वनपर्वात आहे. म्हाताऱ्या च्यवन ऋषींना या दोघांनी तरुण केलं, ऋषी म्हणाले, तुम्हाला यज्ञात सोम, म्हणजे सोमरसाचा वाटा, मिळवून देतो. शर्याती राजाच्या यज्ञात त्यांनी पेला उचलला आणि इंद्र आडवा आला, हे वैद्य, नोकरमाणसं, माणसांमध्ये हिंडणारे, यांना कसला सोम? म्हणजे गुन्हा काय तर पेशंटच्या घरी जातात! च्यवनांनी काही ऐकलं नाही, इंद्राने वज्र उगारलं तर त्याचा हात तिथल्या तिथे थिजवला, वर मद नावाचा अक्राळविक्राळ असुर अंगावर सोडला, तेव्हा इंद्र म्हणाला, घ्या बाबा, घेऊ दे त्यांना.

सोम मिळाला. शांतिपर्वातलं नाव मात्र शूद्रांतच.